पाहुण्याचा डबा

माझ्या झाकणाची परीक्षा मी नेहमी एकाच पद्धतीनं घ्यायचो. डब्यात पाणी भरायचं, झाकण दाबायचं, डबा उलटा करायचा आणि समोर जे गिऱ्हाईक उभं असेल त्याच्या डोक्यावर धरायचा. थेंब पडला तर डबा फुकट. सिंदेवाहीच्या बाजारात वीस वर्षं मी हा खेळ केला. एकच माणूस भिजला, तोही भर पावसाळ्यात, त्यामुळे ते पाणी माझ्या डब्यातलं होतं हे मी अजून कबूल केलेलं नाही.

मी लटारू. पत्र्याचं काम करतो. मातीच्या तेलाचे, म्हणजे रॉकेलचे, रिकामे डबे आणायचे, चिरून सपाट करायचे, राख आणि चिंच घालून उकळायचे म्हणजे तेलाचा वास जातो. मग त्या पत्र्यातून दिवे, चाळण्या, नरसाळी, डबे. माझा स्वभाव तापट आहे असं माझी बायको रंभा सांगते. मी एवढंच म्हणेन की मूर्खपणा मला लवकर दिसतो. दुसऱ्याचा लवकर, स्वतःचा जरा उशिरा.

आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बाजाराच्या दिवशी एक बाई माझ्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावर आवळ्यांची टोपली, विकून अर्धी झालेली. तिचं नाव बुधरी. सात मैल आत जंगलात पांढरझरी नावाचं वीस घरांचं गोंडांचं गाव आहे, तिथली.

"भाऊ, तीन डबे पायजे," ती म्हणाली. "एकावर एक बसणारे."

"तयारच आहे ना बाई." मी तिच्यापुढे कडीचा डबा ठेवला. तिनं वरचा खण उचलून पाहिला, खाली ठेवला आणि मान हलवली.

"हा नाई चालत. वरचा उचलला का खालचा उघडा पडते."

खरं होतं. कडीच्या डब्यात वरच्याचं बूड हेच खालच्याचं झाकण असतं. घरी बसून चौघांनी एकदम जेवायचं तर ठीक, पण एकट्यानं दोन वेळा खायचं म्हटलं तर पंचाईत. वीस वर्षं मी हे डबे विकत होतो आणि हा दोष मला कोणी दाखवला नव्हता. मला बाई आवडली.

तिनं सगळं नीट सांगितलं. तिचा मोठा भाऊ इसरू नाल्याच्या पलीकडे झोपडीत एकटा राहतो. ती सकाळी त्याला जेवण पोचवते आणि तशीच बांबूच्या कटाईवर जाते. संध्याकाळी नाल्यावर अस्वलं उतरतात, त्यामुळे दुसरी खेप होत नाही. सकाळच्या खेपेतच दोन्ही वेळचं द्यावं लागतं, आणि संध्याकाळचं अन्न मुंगळे आणि उंदीर खातात.

"म्हून हरेक डब्याले आपलं झाकण पायजे," ती म्हणाली. "अन् एकदा उघडलं तं परत लागलं पायजे."

"दोन वेळचे दोन डबे झाले. तिसरा काऊन?"

"तिसरा पाहुण्याचा."

"पाहुण्याचा?"

"दादा म्हंते, पाहुणा आला तं त्याले आपल्या उष्ट्यातलं नाई देता येत. त्याचा डबा अलग पायजे. अन् उघडताना आत हात नाई लागला पायजे."

या लोकांची रीत मला माहीत होती. फुटके डबे झाळायला, म्हणजे कथलानं सांधायला, मी त्या बाजूच्या गावांतून फिरलेलो होतो. तुम्ही दारात आलात की आधी पाणी, मग भात, आणि पोट भरल्यावर मग "काऊन आले होते?" पण नाल्यापलीकडच्या झोपडीत पाहुण्याचा वेगळा डबा, तोही न शिवता उघडणारा! मला हसू आलं. "राजाच्या घरी बी येवढा थाट नसते, बाई," मी म्हणालो. ती हसली नाही. तिथंच मला कळायला हवं होतं.

आठ दिवसांत मी तीन डबे केले. प्रत्येकाला स्वतःचं झाकण, आणि झाकणाच्या वर बोटभर उंचीची कड, म्हणजे वरच्या डब्याचं बूड त्या कडेत जाऊन बसेल आणि डोक्यावरून नेताना घसरणार नाही. झाकणं अशी घट्ट की लावताना हवा फुस्स करून बाहेर यायची. बुधरीच्या डोक्यावर तिन्ही डबे एकामागून एक उलटे धरून दाखवले. ती जागची हलली नाही. डबे घेऊन गेली, आणि त्या दिवशी मी रंभाला तीनदा सांगितलं की असं झाकण नागभीडपासून चांद्यापर्यंत कोणी करून दाखवावं.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला बुधरी आली ती एकच डबा घेऊन. तो पाहून माझं डोकं फिरलं. झाकणाला मधोमध खड्डा, कोर वाकडीतिकडी आणि एका ठिकाणी पत्रा कुरतडल्यासारखा.

"हे काय केलं? दगडानं ठोकलं?"

"झाकण निंगत नाई, भाऊ."

"निंगत नाई? हे पाय!" मी दोन अंगठे लावून झाकण काढून दाखवलं, परत लावलं, परत काढलं. आजूबाजूचे बाजारकरी जमले, आणि लोक जमले की माझा आवाज चढतो. "नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या झाकणात काई खोट नाई. तुझ्या भावाले हात नाई का?"

बुधरीनं टोपली खाली ठेवली. तिनं आपल्या दोन्ही हातांच्या मुठी केल्या, बोटं पार आत दुमडून, आणि त्या मुठी माझ्यापुढे धरल्या.

"नाई," ती म्हणाली. "बोटं नाई त्याले. सात साल झाले. दातानं उघडून पाह्यलं. ओठ फाटला."

लोक दोन पावलं मागे सरले. महारोग हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तो दिसत होता. मीही मागे सरलो. लपवून काय करू? डबा माझ्या हातात होता, तो मी घाईघाईनं जमिनीवर ठेवला आणि हात धोतराला पुसले. बुधरी ते पाहत होती. तिला त्याची सवय असावी.

"पयलेच काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तं तुमी बनवलेच नसते."

मला फसवलं म्हणून राग आला होता, आणि ती बोलली ते शंभर टक्के खरं होतं म्हणून तो राग कुठे काढावा ते कळेना. तेवढ्यात रंभा दुकानातून बाहेर आली. तिनं डबा उचलला, उकळायच्या पिंपात टाकला आणि बुधरीला म्हणाली, "बस वो बाई. पाणी पे."

पाणी पिऊन बुधरी बोलती झाली. इसरू म्हणजे पांढरझरीतला सगळ्यात मोठा बांबूकाम करणारा. टोपल्या, सुपं, झाकणाच्या पेट्या, सगळं त्याच्या हातचं. गावात कोणी परका आला की पहिल्यांदा त्याच्या दारात थांबायचा, कारण त्याच्याकडे जेवल्याशिवाय सुटका नसायची. रोग झाला तसं गावानं त्याला नाल्यापलीकडे झोपडी बांधून दिली. दवाखान्याच्या गोळ्या तो दोन वर्षं घेतो आहे. कंपाउंडर म्हणतो, आता याच्यापासून कोणाला काही होत नाही. गाव कंपाउंडरचं ऐकून घेतं आणि नाला काही ओलांडत नाही.

"सात सालात त्याच्या इथी कोणी जेवलं नाई?" रंभानं विचारलं.

"कोणी बसलं बी नाई."

"मंग तिसरा डबा कोणासाठी?" हे मी विचारलं.

बुधरीनं रिकामा लोटा खाली ठेवला. "मी बी तेच इचारलं त्याले. म्हणे, डबाच नाई म्हून कोणी येत नाई, असं समज."

रंभानं तोंड फिरवलं. मी पिंपाखालची लाकडं उगीचच पुढे ढकलत राहिलो.

त्या दुपारी मी रंभाच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आपले दोन्ही हात मनगटापर्यंत बांधून घेतले, बोटं आत मुडपून. माझं ते अजिंक्य झाकण समोर ठेवलं. कोपरानं रेटलं, मनगटांत धरून पिळलं, शेवटी तोंड लावलं. पत्र्याची चव जिभेवर आली आणि झाकण हललं नाही. रंभा दारात उभी राहून आधी हसली आणि मग हसायची थांबली. मला तहान लागली होती आणि लोटा उचलता येत नव्हता. तिनं तोंडाशी लोटा धरला. एवढ्यात मी कंटाळलो होतो, आणि त्या माणसाला सात वर्षं झाली होती.

कडी-कोयंडा लावून पाहिला. कडी सोडायला बोट लागतं. दोरी लावून पाहिली. गाठ मारायला दहा लागतात. चार दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो. पाचव्या दिवशी सकाळी रंभा परसात ढेकीवर धान कांडत होती. ढेकी म्हणजे लांब लाकूड, एका टोकाला मुसळ. दुसऱ्या टोकावर पाय दिला की मुसळ उचलतं, पाय काढला की पडतं. मी दात घासत पाहत होतो.

"तोंड बंद करा, माशी जाईन," रंभा म्हणाली.

मी राखुंडी थुंकून दुकानात पळालो. झाकणाला बिजागरी लावली आणि बिजागरीच्या मागे चार बोटं रुंद पत्र्याची शेपटी काढली. शेपटी दाबली की झाकण उठून मागे पडायचं. मनगटानं दाबा, कोपरानं दाबा, टाचेनं दाबा. आत हात जायचा प्रश्नच नाही. आणि बंद झाल्यावर ते घट्ट बसावं म्हणून वरून तारेची एक कमान घातली. ती पुढे रेटली की झाकणावर चढून त्याला दाबून धरायची. रंभानं पुन्हा माझे हात बांधले, आणि या वेळी झाकण उघडलं.

नमुना सायकलला बांधून मी पांढरझरीला गेलो. त्या दिवशी कटाईला सुट्टी होती, म्हणून गावापासून बुधरीनं नाल्यापलीकडे नेलं. झोपडी स्वच्छ होती, अंगण झाडलेलं. बुधरी सकाळी झाडत असेल असं मला वाटलं, पण नंतर पाहिलं, त्यानं खराट्याला लांब दांडा बांधून घेतला होता आणि तो काखेत धरून स्वतः झाडायचा. इसरू चाळिशीचा, खांद्यानं रुंद, दोन्ही हात फडक्यांत गुंडाळलेले. मला पाहून तो लगबगीनं उठला.

"या भाऊ, बसा. बुधरी, पाणी..." आणि मध्येच थांबला. "नाई, राहू दे. तुमी तुमचंच प्या."

मी दहा हातांवर मोहाच्या झाडाखाली बसलो. बुधरीनं डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं शेपटीवर कोपर टेकलं. झाकण उठलं. तो बघतच राहिला. परत पाडलं, परत उठवलं. मग मनगटानं तारेची कमान पुढे रेटली, एकदा, दोनदा. ती चढायला जड जात होती, म्हणून त्यानं जोर लावला, आणि त्याचं फडकं लाल होत गेलं. तो आपला हसतच होता.

"हात!" मी ओरडलो. "हात पाहा, इसरूभाऊ!"

त्यानं हाताकडे पाहिलं, ते जणू शेजाऱ्याचा हात असावा असं. "अरे हो," तो म्हणाला. "मले समजत नाई, भाऊ. कापलं बी नाई समजत, भाजलं बी नाई. चुलीजवळ वास आला तं समजते."

कमानीच्या खालची कोर मी तशीच धारदार सोडली होती, कारण तिथं कोणाचा हात जात नाही. म्हणजे बोटवाल्याचा जात नाही. वीस वर्षं झाळताना रोज माझं बोट भाजत होतं आणि रोज मी शिव्या देत होतो. भाजलेलं कळतं हे केवढं सुख आहे, ते मला त्या दिवशी कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

बुधरीनं जखम बांधली. इसरू डब्याकडेच बघत होता.

"कोरीत तार घालून मुडपून आणतो," मी म्हणालो. "कमान जाड तारेची करतो."

"तार नको, भाऊ."

"मंग काय?"

"तारीले लवचन नाई. वाकली का वाकली. अन् गरम डब्यावर तापते. बांबूची कमान पायजे."

माझ्या पत्र्यावर बांबू! मी उठून उभा राहिलो. "हा डबा आहे, टोपली नाई," मी सुनावलं. "बांबूले कीड लागते."

"दोन सालचा घेतला, राखेच्या पाण्यात ठेवला, तं नाई लागत," तो शांतपणे म्हणाला. "नाल्याकाठचा नको, टेकडीवरचा. तो कडक राह्यते. बुधरी, आण वं."

मग मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. हात बुधरीचे, काम इसरूचं. तो सांगत होता आणि ती तासत होती. "अजून एक केस. अजून. बस." पट्टी निखाऱ्यावर धरली तेव्हा त्यानं डोळे बारीक करून रंग पाहिला आणि "आता!" म्हणाला. तिनं वाकवली. पट्टी गार झाली ती तशीच गोल राहिली, दाबली की दबायची, सोडली की उसळायची. मी ती हातात घेऊन दहा वेळा दाबून पाहिली. चूक काढायला काही सापडलं नाही.

पण अडचण होतीच. कमान झाकणाच्या वर आली म्हणजे वरचा डबा बसणार कुठे? मी म्हटलं, झाकणात पन्हळ पाडतो, कमान तिच्यात निजेल. तो म्हणाला, पन्हळ मधे नको, जराशी मागे, म्हणजे मनगट घालायला जागा राहील. मी म्हटलं, मागे घेतली तर पुढची कोर उचलेल. तो म्हणाला, पुढच्या कोरीत मेण लावलेली सुतळी बसवा, ती दाबून घेईल आणि मुंगळाही जाणार नाही. आम्ही दोघं चांगलेच भांडलो. सुतळी किती जाड, पन्हळ किती खोल. निघताना सायकल घ्यायला उठलो तेव्हा मला दिसलं की मी त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलो होतो. झाकणाच्या कोरीवरचं भांडण दहा हातांवरून करता येत नाही.

त्यानंतर मी चार वेळा गेलो. प्रत्येक कोर तार घालून मुडपली, गालावर घासून पाहिली. सुतळीला मधाच्या पोळ्याचं मेण दिलं. पौष संपता संपता तिन्ही डबे तयार झाले. ते एकावर एक ठेवले की सरळ उभे राहायचे, आणि कुठलाही एक काढला तरी बाकीचे दोन बंदच.

शेवटच्या खेपेला बुधरी कटाईवर गेली नव्हती. तिन्ही डबे भरून तिनं झोपडीपुढे मांडले होते. इसरूनं वरचा उघडला. मनगटानं कमान रेटली, झाकण बसलं, टक असा आवाज झाला. पुन्हा उघडला, पुन्हा टक. लहान मुलाच्या हाती खुळखुळा पडावा तसं त्यानं दहा-बारा वेळा केलं. बुधरी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी झाकणाची बिजागरी तपासल्यासारखं केलं.

मग इसरूनं दोन्ही मनगटांत धरून वरचे दोन डबे बाजूला ठेवले आणि तिसरा पुढे ओढला.

"भाऊ," तो म्हणाला, "आज तुमी पाहुणे."

त्यानं शेपटी दाबली. झाकण उठलं. आत पांढरा भात होता आणि एका बाजूला लाखोळीच्या डाळीचा गोळा. त्याचा हात आत कुठेही लागला नव्हता. मला ते दिसावं म्हणून त्यानं झाकण सावकाश उठवलं होतं. बुधरीनं माझ्यापुढे पळसाच्या पानांची पत्रावळ ठेवली.

आणि मी म्हणालो, "माझं जेवण झालं आहे, इसरूभाऊ. खाऊनच निघालो होतो."

दुपार टळत आली होती. सात मैल सायकल मारून आलो होतो. त्याच क्षणी माझं पोट गुरगुरलं, एवढ्या मोठ्यानं की तिघांनाही ऐकू गेलं.

बुधरीनं मान खाली घातली. इसरू माझ्याकडे पाहत राहिला, फार वेळ नाही, दोन श्वास. मग त्यानं मनगट पुढे नेलं, कमान रेटली. टक.

"काई हरकत नाई, भाऊ," तो म्हणाला. "झाकण तुमचं पक्कं आहे. टिकते."

हे त्यानं मला वाचवायला म्हटलं. त्याच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. असता तर मी परत भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झाकण मी बनवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी त्यानं ते माझी लाज झाकायला वापरलं.

घरी आलो तर रंभानं हात धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "जेवले का तिथी?"

मी सगळं सांगितलं. कंपाउंडर काय म्हणतो ते मला पाठ होतं, तेही सांगितलं. शेजारी बसून भांडताना भीती वाटली नाही, मग घास पुढे आल्यावरच कशी वाटली, हे मला स्वतःलाच समजत नव्हतं, तेही सांगितलं.

"मले काऊन सांगता?" रंभा म्हणाली. "त्याले सांगा." आणि तिनं वाढलेलं ताट माझ्यापुढून उचलून नेलं. मी मागितलंही नाही.

सकाळी उजाडता उजाडता निघालो, चहासुद्धा न घेता. धुकं होतं. पोचलो तेव्हा बुधरी ताजं जेवण ठेवून नुकतीच कामावर गेली होती. इसरू एकटाच अंगण झाडत होता. मला पाहून त्याच्या काखेतला दांडा सुटला.

"काऊन भाऊ? झाकणात काई राह्यलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. पन्हळ तपासायची आहे, सुतळी बदलायची आहे, शंभर कारणं होती.

"नाई," मी म्हणालो. "काल मी खोटं बोललो. उपाशी होतो. आज बी उपाशी आहो. जेवाले आलो."

तो खाली बसला. मनगटानं ताजा डबा माझ्याकडे सरकवायला लागला.

"हा नाई. कालचा कुठी आहे?"

"तो आहे तसाच. पाहुण्याचा डबा मी कसा खाईन? पण शिळं झालं, भाऊ. ताजं घ्या."

"माझ्या नावानं उघडला होता तोच पायजे."

त्यानं तिसरा डबा पुढे घेतला आणि शेपटी दाबली. मी आधी वाकून पाहिलं, ते मात्र कारागीर म्हणून. एक मुंगळा नाही, भाताला आंबूस वास नाही. मी पत्रावळ पसरली. त्यानं दोन्ही मनगटांत डबा धरला, उचलला आणि वाकडा केला. अर्धा भात पानावर पडला, थोडा मातीत सांडला. तो ओशाळला. मी मातीतला बाजूला सारला आणि बाकीचा कालवला.

पहिला घास घशात अडकला, हे खोटं कशाला बोलू? दुसरा खाली गेला. तिसऱ्या घासाला चव कळली.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

तो मोठ्यानं हसला. इतक्या मोठ्यानं की मोहावरचे पोपट उडाले. "बुधरीले मी रोज सांगतो! आयकतच नाई!"

मग आम्ही बोलत बसलो. टेकडीवरच्या बांबूबद्दल, माझ्या वाईट सुतळीबद्दल. पान रिकामं झालं, पोट गच्च भरलं. मी हात धुवायला उठणार, तेवढ्यात त्यानं डबा पुन्हा मनगटांत उचलून माझ्या पानावर धरला. तळाशी दोन मुठी भात उरला होता. त्याच्या तोंडावर ती हट्टी ऐट होती, जी पाहुण्याचं "पुरे" कधीच ऐकत नाही.

"असं नाई चालत, भाऊ," तो म्हणाला. "माझ्या घरचं आहे. अजून घ्या."

माझ्या पोटात तसूभर जागा नव्हती.

"वाढा," मी म्हणालो.